एक्सपोर्ट केल्यावर रंग फिके किंवा काळपट का होतात? कमी खर्चातील चित्रपटांसाठी तपासणीचा क्रम

लक्षणे ओळखा

मराठवाड्यात लघुपट आणि कमी खर्चातील चित्रपट करणाऱ्या मंडळींकडून माझ्याकडे वारंवार येणारी तक्रार एकच असते: ग्रेडिंग (चित्राचे रंग आणि उजेड जुळवणे) करताना संगणकावर समाधानकारक दिसणारे चित्र फाइल बाहेर काढल्यावर बदललेले दिसते. तक्रार एक असली तरी तिची रूपे निरनिराळी आहेत आणि पुढची तपासणी त्या रूपावरच ठरते, म्हणून ती आधी ओळखून घ्यावीत.

काही वेळा संपूर्ण चित्र फिकट आणि धुरकट दिसते, काळ्याचा करडा होतो. काही वेळा नेमके उलट घडते: काळी जमीन, केस आणि रात्रीची दृश्ये यांतील बारकावे बुडून जातात, तर पांढरे धोतर आणि टोपी जळून सपाट होतात. एकच फाइल दोन प्लेअरमध्ये किंवा दोन संगणकांवर दोन प्रकारे दिसणे हेही नेहमीचे आहे. कधी सगळी दृश्ये ठीक असतात, पण मोबाइलवर घेतलेली मोजकी दृश्ये तेवढी भगभगीत येतात. कधी संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात. आणि सर्वांत महाग पडणारे लक्षण म्हणजे चित्रपटगृहात किंवा महोत्सवाच्या पडद्यावर सगळा चित्रपट अंधारलेला दिसणे किंवा त्याची रंगछटाच बदललेली असणे.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले तरी खालची तपासणी पूर्ण होईपर्यंत ग्रेडला हात लावू नये. या तक्रारींत दोष बहुधा ग्रेडमध्ये नसतो. तो फाइल बाहेर पडून डोळ्यांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर असतो. वाटेतला दोष कॉन्ट्रास्ट वाढवून झाकला, तर एका लॅपटॉपवर चित्र बरे दिसते आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी बिघडते.

१. बाहेर काढलेली फाइल परत टाइमलाइनवर आणा

ही तपासणी फुकट आहे आणि थोड्या मिनिटांत होते, तरीही ती केलेली माणसे मला फारशी भेटत नाहीत. रेंडर झालेली फाइल त्याच प्रकल्पात परत घ्यावी, मूळ टाइमलाइनच्या वरच्या ट्रॅकवर अगदी त्याच फ्रेमपासून ठेवावी आणि तिचा कंपोझिट मोड ‘डिफरन्स’ असा करावा. हा मोड वरच्या आणि खालच्या चित्रातील फरक तेवढा दाखवतो. पडदा जवळजवळ पूर्ण काळा दिसला, तर फाइलमधील आकडे मूळ ग्रेडशी जुळतात. दाबल्या गेलेल्या फाइलमुळे कडांवर दिसणारा किंचित फरक सोडून द्यावा. परत आणलेल्या फाइलवर एखादा लट (रंग ठरावीक पद्धतीने बदलणारी तयार फाइल) किंवा आपोआप लागणारे रूपांतर बसलेले नाही, एवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

या तपासणीने काम दोन भागांत विभागले जाते. पडदा काळा असेल, तर फाइलमधील चित्र बरोबर आहे आणि दोष टॅगमध्ये (फाइलमधील रंगाच्या लेबलांत), प्लेअरमध्ये किंवा स्क्रीनमध्ये शोधायचा आहे. पडद्यावर सर्वत्र करडे चित्र उमटले, तर रेंडर करतानाच आकडे बदलले आहेत. अशा वेळी मधले भाग सोडून थेट लेव्हल आणि टॅगच्या तपासणीकडे (भाग ६) जावे.

२. स्क्रीन आणि खोली

आता ज्या स्क्रीनवर चित्र बिघडलेले दिसते, ती स्क्रीन तपासावी. लॅपटॉप आणि मोबाइलमधील नाइट लाइट, ट्रू टोन, डोळ्यांच्या आरामासाठीचे मोड आणि प्रकाशानुसार आपोआप बदलणारी ब्राइटनेस हे सगळे बंद करावे, कारण ही सोय रंग आणि उजेड सतत हलता ठेवते आणि हलत्या मापाने काही मोजता येत नाही. विंडोजमध्ये एचडीआर (उजेडाचा मोठा पल्ला दाखवणारी पद्धत) चालू असेल तर तोही बंद करावा. टीव्हीवर पाहत असाल तर ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवरून ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर यावे.

एचडीएमआय केबलने टीव्ही जोडलेला असताना काळ्याचा करडा झाला किंवा काळे बुडाले, तर ग्राफिक्स कार्डाच्या पॅनलमधील आउटपुट रेंज आणि टीव्हीमधील एचडीएमआय ब्लॅक लेव्हल या दोन्ही सेटिंग एकमेकींशी जुळतात का ते पाहावे. एक बाजू ‘फुल’ आणि दुसरी ‘लिमिटेड’ असेल, तर कितीही ग्रेडिंग केले तरी चित्र सुधारणार नाही.

खोलीचाही विचार करावा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी खिडकीतून येणारा उजेड इतका तीव्र असतो की त्यापुढे स्क्रीनवरचे गडद भाग दिसतच नाहीत, आणि मग ते दिसावेत म्हणून माणूस सावल्या उचलत जातो. जाड पडदा लावावा, भिंतीवर मंद आणि तटस्थ पांढरा दिवा ठेवावा. रंगीत भिंतीसमोर बसून त्वचेचे रंग ठरवू नयेत. वीज वारंवार जाते तेथे एक गोष्ट आणखी: मॉनिटर नुकताच सुरू झालेला असताना त्यावर रंगाचा निर्णय घेऊ नये, त्याला अर्धा तास स्थिर होऊ द्यावे.

३. ब्राइटनेस मोजा

चित्रपटगृहात चित्रपट अंधारलेला दिसण्याचे सर्वांत मोठे कारण मला येथेच सापडते. उजेडाचे माप निट या एककात करतात. टीव्हीसाठीच्या ग्रेडिंगमध्ये पांढऱ्याची पातळी साधारण १०० निट धरतात, तर डिजिटल सिनेमाच्या पडद्यावर ती ४८ निट, म्हणजे जुन्या मापात १४ फूट-लॅम्बर्ट असते. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण वाढवली की ती सहज २५० ते ३०० निटपर्यंत जाते. एवढ्या उजेडात रात्रीच्या दृश्यातील चेहरा स्पष्ट दिसतो, म्हणून ग्रेड करणारा तो आणखी गडद करतो, आणि तोच चेहरा पडद्यावर नाहीसा होतो.

उपकरण विकत न घेता याचा अंदाज घेण्याची एक पद्धत आहे. ज्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले, त्यावरच आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ४ आणि शटर १/५० अशी मॅन्युअल सेटिंग करावी, मीटरिंग ‘स्पॉट’वर ठेवावे आणि स्क्रीनवर पूर्ण पांढरे पान उघडून कॅमेरा त्यावर रोखावा. स्क्रीनची ब्राइटनेस हळूहळू कमी करत गेल्यावर कॅमेऱ्याचे मीटर शून्यावर येते, तेव्हा ती साधारण १०० निट असते. शटर १/२५ केले की तेच मीटर ५० निटच्या आसपास शून्यावर येते. हे माप प्रयोगशाळेतल्यासारखे काटेकोर नाही, कारण कॅमेऱ्यांच्या मीटरचे प्रमाणीकरण कंपनीगणिक थोडे वेगळे असते. पण ३०० आणि १०० निटमधला फरक ओळखायला ते पुरेसे आहे. ब्राइटनेसची ती जागा स्क्रीनवर खूण करून ठेवावी आणि ग्रेडिंगच्या काळात ती बदलू नये.

१०० निटवर चित्रपट पुन्हा पाहिल्यावर तो काळपट वाटला, तर तक्रारीचे उत्तर मिळाले. येथे मात्र ग्रेड खरोखरच बदलावा लागेल, आणि तो याच ब्राइटनेसवर, मंद उजेडाच्या खोलीत बदलावा.

४. डोळ्यांऐवजी स्कोप पाहा

वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख), परेड (लाल, हिरव्या, निळ्या वाहिन्यांचे वेगवेगळे आलेख) आणि व्हेक्टरस्कोप (रंगछटा आणि संपृक्ततेचा आलेख) ही मोजमापाची तिन्ही साधने, म्हणजे स्कोप, डाव्हिंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही आहेत. स्क्रीन कशीही असली तरी स्कोपला तिच्याशी देणेघेणे नसते, म्हणून तो गरिबाचा खरा आधार आहे. ज्या दृश्याबद्दल तक्रार आहे, त्याच्या वेव्हफॉर्ममध्ये गडद भाग अगदी तळाशी सपाट रेषेत चिकटलेले असतील, तर ते ग्रेडमध्येच बुडाले आहेत. तळाच्या थोडे वर पसरलेले असतील, तर माहिती शाबूत आहे आणि दोष पुढे कुठेतरी आहे.

आपल्याकडच्या चित्रीकरणात दोन ठिकाणी परेड अवश्य पाहावी. पहिले ठिकाण काळ्या जमिनीचे: बीड किंवा परभणीच्या शेतात नांगरलेली जमीन, सावळा चेहरा आणि पांढरे धोतर एकाच फ्रेममध्ये भर दुपारी घेतले की कॅमेऱ्याची पूर्ण पल्ल्याची परीक्षा होते आणि धोतर वाचवताना जमीन बुडते. दुसरे ठिकाण भडक रंगांचे: तुळजापुरात चित्रित केलेले कुंकू, हळद, झेंडूची तोरणे यांत लाल वाहिनी एकटीच वर जाऊन कापली जाते. वेव्हफॉर्मवर एकूण उजेड ठीक दिसतो, पण परेडमधील लाल रेषा माथ्यावर चिकटलेली असते आणि एक्सपोर्टनंतर कुंकवाचा नुसता सपाट डाग उरतो. येथे पूर्ण चित्राचा रंग उतरवण्याऐवजी फक्त त्या लाल रंगाची संपृक्तता आणि उजेड थोडा खाली आणावा.

५. मूळ फुटेज कोणत्या पद्धतीचे आहे

मोजकीच दृश्ये बिघडलेली दिसत असतील, तर ती कोणत्या कॅमेऱ्याची आहेत ते पाहावे. लॉग पद्धतीने घेतलेले फुटेज मुद्दाम फिकट असते आणि त्याला रेक. ७०९ (टीव्ही आणि इंटरनेटचे नेहमीचे रंगमानक) मध्ये आणण्यासाठी रूपांतर लागते. हे रूपांतर एकदाच व्हायला हवे. कलर मॅनेजमेंट चालू असताना क्लिपवर वेगळा लटही लावला, किंवा कॅमेऱ्यात आधीच रेक. ७०९ मध्ये नोंदवलेल्या चित्रावर लॉगसाठीचा लट चढवला, की कॉन्ट्रास्ट दुप्पट होतो, चेहरे तांबडे होतात आणि सावल्या बुडतात. इंटरनेटवरून मोफत उतरवलेल्या लटच्या बाबतीत हा घोटाळा सर्वांत जास्त दिसतो, कारण त्या फाइलच्या नावावरून ती कोणत्या कॅमेऱ्याच्या कोणत्या लॉगसाठी आहे हे कळत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की ज्या लटचे मूळ ठाऊक नाही, तो वापरू नये. कॅमेरा कंपनीने स्वतः दिलेले लट मोफतच असतात.

लॉग फुटेजमध्ये सावल्यांत दाणे दिसत असतील, तर ते चित्रीकरणात कमी प्रकाश घेतल्याचे लक्षण आहे. सोनीच्या एस-लॉग ३ मध्ये मध्यम करडा ४१ टक्क्यांवर यायला हवा. तो त्याहून बराच खाली असेल, तर ग्रेडमध्ये उचलताना दाणे वर येणारच. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत नॉइज रिडक्शन नाही, ते पैसे देऊन घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. अशी दृश्ये थोडी गडदच ठेवणे हा मोफत उपाय.

मोबाइलच्या भगभगीत दृश्यांचे कारण बहुधा एचडीआर असते. आयफोन १२ पासूनच्या फोनमध्ये एचडीआर व्हिडिओ चालू असेल, तर चित्र डॉल्बी व्हिजनमध्ये, एचएलजी या एचडीआरच्या उजेड-वक्रासह आणि रेक. २०२० रंगपल्ल्यासह नोंदले जाते. ते तसेच रेक. ७०९ च्या टाइमलाइनवर टाकले की रंग आणि उजेड दोन्ही चुकतात. त्या क्लिपचे इनपुट कलर स्पेस रेक. २०२० एचएलजी असे सांगितले की चित्र जागेवर येते. पुढच्या चित्रीकरणाला फोनमधील एचडीआर बंद ठेवणे अधिक सोपे. मोबाइलचा फ्रेम रेटही बदलता असतो आणि त्यामुळे लांब दृश्यात आवाज ओठांपासून सरकतो. संकलनापूर्वीच फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घेतली तर हा त्रास होत नाही.

६. लेव्हल आणि टॅग

आठ बिटच्या चित्रात प्रत्येक वाहिनीला ० ते २५५ असे आकडे असतात, पण व्हिडिओच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. या पद्धतीला व्हिडिओ, लीगल किंवा लिमिटेड रेंज म्हणतात, तर ० ते २५५ पूर्ण वापरणाऱ्या पद्धतीला फुल रेंज. फाइल एका पद्धतीने लिहिली आणि दुसऱ्या पद्धतीने वाचली की बिघाड ठरलेला. व्हिडिओ रेंजची फाइल फुल समजून वाचली, तर काळा १६ वरच राहतो आणि चित्र फिकट दिसते. फुल रेंजची फाइल व्हिडिओ समजून वाचली, तर १६ च्या खालचे आणि २३५ च्या वरचे सगळे कापले जाते. सुरुवातीला सांगितलेली पहिली दोन लक्षणे ही अशी एकाच गैरसमजाची दोन टोके आहेत. रेंडरच्या प्रगत सेटिंगमध्ये डेटा लेव्हल ‘ऑटो’ ठेवावी आणि ठोस कारण नसताना ‘फुल’ निवडू नये. एखादी क्लिपच चुकीच्या रेंजमध्ये वाचली जात असेल, तर क्लिप अ‍ॅट्रिब्यूटमध्ये तेवढी बदलता येते.

टॅगचा प्रश्न याहून फसवा आहे, कारण डिफरन्सची तपासणी उत्तीर्ण झाल्यावरही तो शिल्लक राहतो. फाइलमध्ये चित्राच्या आकड्यांबरोबर रंगपल्ला, गॅमा वक्र (आकड्यांचे उजेडात रूपांतर कसे करायचे) आणि मॅट्रिक्स सांगणारी तीन लेबले असतात. लातूरच्या अडतीत पोत्यात तूर असावी आणि चिठ्ठीवर हरभरा लिहिलेला असावा, तसे चुकीच्या टॅगचे होते: माल बदललेला नसतो, पण घेणारा चिठ्ठी वाचून चुकीचा व्यवहार करतो. मीडियाइन्फो हे मोफत साधन फाइलवर चालवून कलर प्रायमरीज, ट्रान्स्फर आणि मॅट्रिक्स या तिन्ही ओळी पाहाव्यात. इंटरनेटसाठीच्या साध्या एसडीआर (एचडीआर नसलेल्या) फाइलमध्ये तिन्हींपुढे बीटी. ७०९, म्हणजे रेक. ७०९ चेच दुसरे नाव, असायला हवे. ओळीच नसतील, तर प्रत्येक प्लेअर स्वतःचा अंदाज लावतो आणि दोन संगणकांवर दोन चित्रे दिसतात.

मॅक वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी मांडावी लागते. ग्रेडिंग सहसा गॅमा २.४ धरून होते, पण मॅकची रंगव्यवस्था बीटी. ७०९ चा टॅग वाचून सुमारे १.९६ गॅमाचा वक्र लावते. त्यामुळे क्विकटाइम प्लेअर आणि सफारीमध्ये चित्राचे मधले भाग उजळतात आणि फिकेपणा येतो, तर तीच फाइल विंडोजवर किंवा टीव्हीवर व्यवस्थित दिसते. व्हीएलसी टॅगकडे त्याच पद्धतीने पाहत नाही, म्हणून मॅकवरच दोन प्लेअरमध्ये दोन चित्रे दिसतात आणि गोंधळ वाढतो. उपाय असा: रिझॉल्व्हच्या प्रेफरन्सेसमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचे डिस्प्ले कलर प्रोफाइल वापरण्याचा पर्याय चालू करावा आणि इंटरनेटसाठीची प्रत काढताना गॅमा टॅग ‘रेक. ७०९-ए’ निवडावा. ही सोय फक्त मॅक आणि इंटरनेटच्या प्रतीपुरती आहे. टीव्हीची किंवा चित्रपटगृहाची प्रत काढताना ती वापरू नये, कारण त्या वाटेवर मॅकची रंगव्यवस्था येतच नाही.

फिकटपणा तेवढा मॅकवर दिसतो म्हणून संपूर्ण चित्रपटाचा कॉन्ट्रास्ट वाढवण्याचा मोह फार जणांना होतो. मी तसे करू देत नाही. आपल्याकडचा प्रेक्षक चित्रपट मुख्यतः अँड्रॉइड फोन आणि टीव्हीवर पाहतो. एका लॅपटॉपचा आग्रह सगळ्यांवर लादण्यात अर्थ नाही.

७. आभाळातील पट्टे

आठ बिटमध्ये एका वाहिनीला २५६ आणि दहा बिटमध्ये १०२४ पायऱ्या मिळतात. गोदावरीकाठच्या संध्याकाळचे आभाळ आठ बिटच्या ४:२:० (रंगाची माहिती कमी साठवणाऱ्या) फुटेजवर ताणले की पायऱ्या डोळ्यांना दिसू लागतात. पट्टे ग्रेडिंगच्या व्ह्यूअरमध्येच दिसत असतील, तर ताण कमी करावा किंवा फिल्मच्या दाण्याची एखादी क्लिप हलकेच वर ठेवावी. व्ह्यूअरमध्ये नसून फक्त बाहेर काढलेल्या फाइलमध्ये दिसत असतील, तर बिटरेट (दर सेकंदासाठी वापरलेला डेटा) कमी पडला आहे.

मुख्य प्रत, म्हणजे मास्टर, कधीही एच. २६४ या फाइल फार दाबणाऱ्या पद्धतीत ठेवू नये. प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा विंडोजवर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स मध्ये काढावी, म्हणजे दहा बिट टिकतात. २४ फ्रेमच्या १०८० प्रतीसाठी प्रोरेस ४२२ एचक्यूचा वेग सुमारे १७६ मेगाबिट प्रति सेकंद असतो, म्हणून १०० मिनिटांच्या चित्रपटाला साधारण १३२ जीबी जागा लागते. हार्ड डिस्कचा तेवढा खर्च टाळू नये. आणि पुनरावलोकनासाठी प्रत पाठवताना ती व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी; व्हिडिओ म्हणून गेलेली प्रत पुन्हा दाबली जाते आणि तिच्यावरून निर्मात्याने काढलेल्या रंगाच्या चुका खऱ्या नसतात.

८. चित्रपटगृहाची प्रत

पूर्वी चित्रपटगृहासाठी ३५ मिमी प्रिंट लागत असे. मिनिटाला ९० फूट, म्हणजे १०० मिनिटांना ९,००० फूट फिल्म. आज त्या जागी डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज, चित्रपटगृहात चालणारा फाइलसंच) आहे, आणि डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने ती घरच्या संगणकावर बनवता येते. खर्च गेला, पण चुकण्याच्या जागा राहिल्या.

डीसीपीतील चित्र रेक. ७०९ मध्ये नसते. ते १२ बिटच्या जेपीईजी २००० पद्धतीने, एक्सवायझेड या रंगव्यवस्थेत आणि २.६ गॅमाने लिहिलेले असते. म्हणून रूपांतराच्या वेळी मूळ फाइल कोणती आहे हे सॉफ्टवेअरला बरोबर कळणे आवश्यक आहे. डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये कलर कन्व्हर्जन रेक. ७०९ आहे का आणि रेंज व्हिडिओ आहे का, हे दोन्ही स्वतः उघडून पाहावे. रंगछटाच बदललेली दिसते तेव्हा हे रूपांतर वगळले गेलेले असते किंवा दोनदा झालेले असते. डीसीपी साध्या प्लेअरमध्ये उघडून रंगाचा निष्कर्ष काढू नये; एक्सवायझेडचे आकडे तसेच दाखवणारा प्लेअर चुकीचेच रंग दाखवणार. डीसीपी-ओ-मॅटिकबरोबर येणाऱ्या प्लेअरमध्ये पाहावे आणि त्याच्याच पडताळणीच्या साधनातून डीसीपी तपासून घ्यावी.

आकार फ्लॅट असेल तर २के मध्ये १९९८ बाय १०८० आणि स्कोप (येथे अर्थ जास्त रुंद चौकट) असेल तर २०४८ बाय ८५८ असा असतो. १९२० बाय १०८० चे चित्र फ्लॅटमध्ये ठेवले की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात, आणि त्या तशाच राहू द्याव्यात; ताणून भरू नये. फ्रेम रेट हा खरा अडथळा आहे. आपल्याकडे दिव्यांची लुकलुक टाळण्यासाठी २५ फ्रेमवर चित्रीकरण करतात, पण सगळीकडे निर्धास्त चालणारा वेग २४ आहे. २५ चे २४ केल्यावर १०० मिनिटांचा चित्रपट १०४ मिनिटे १० सेकंदांचा होतो आणि आवाजाची पट्टी सुधारून घ्यावी लागते. चित्रपटगृहासाठी जायचे हे आधीच ठरले असेल, तर २४ वरच चित्रीकरण करावे आणि शटर १/५० ठेवावे.

त्यानंतरची तपासणी चित्रपटगृहातच होते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकांना पहिल्या खेळापूर्वीची दहा मिनिटे विनंती करून मागावीत. तेथे पूर्ण चित्रपट नेऊ नये. सर्वांत अंधारी दृश्ये, सर्वांत उजळ दृश्ये, चेहऱ्यांचे दोन-तीन क्लोजअप आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची करडी पट्टी एवढ्यांची छोटी डीसीपी करावी. करडी पट्टी पडद्यावर रंगीत दिसली, तर दोष डीसीपीत किंवा प्रक्षेपकात आहे. पट्टी करडी असून चित्र अंधारलेले वाटले, तर त्याच चित्रपटगृहातील चालू चित्रपटाचा ट्रेलर लावायला सांगावा. तोही अंधारलेला असेल, तर प्रक्षेपकाचा दिवा जुना झाला आहे आणि आपला ग्रेड बदलण्याचे कारण नाही. तालुक्याच्या काही एकपडदा चित्रपटगृहांत डीसीपी न चालवणारी वेगळी ई-सिनेमा यंत्रणा असते. तेथे त्या सेवेकडूनच प्रत बनवून घ्यावी लागते, म्हणून आधी चौकशी करावी.

९. मॉनिटरचे कॅलिब्रेशन

सगळे तपासूनही दोन दृश्यांतील त्वचेचा रंग एका स्क्रीनवर जुळतो आणि दुसऱ्यावर नाही, अशी स्थिती राहिली तरच या खर्चात पडावे. कलरीमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारे उपकरण) भाड्याने किंवा ओळखीच्या छायाचित्रकाराकडून एका दिवसासाठी मिळतो आणि डिस्प्लेकॅल हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पांढऱ्याचे लक्ष्य डी ६५ (व्हिडिओचा प्रमाण पांढरा), गॅमा २.४ आणि उजेड १०० निट ठेवावा. स्वस्त टीएन पॅनल कॅलिब्रेट करण्यात पैसे घालवू नयेत, कारण त्यावर मान हलवली तरी रंग बदलतात. साधा आयपीएस मॉनिटर बरा.

येथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

चित्रीकरणातच पांढरे कापले गेले असेल किंवा चेहरा फोकसमध्ये नसेल, तर कोणतेही ग्रेडिंग ते परत आणू शकत नाही; त्यावर रात्री घालवू नयेत. तीन वेगळ्या कॅमेऱ्यांचे, ट्यूबलाइट आणि पिवळे बल्ब मिसळलेले प्रसंग जुळवणे हे अनुभवी कलरिस्टचे काम आहे. वाहिनीने किंवा ओटीटीने तांत्रिक कारण देऊन प्रत परत पाठवली असेल, तर त्यांचा अहवाल घेऊन व्यावसायिक पोस्ट हाउसकडे जावे. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजनची मागणी असेल, तर घरच्या मॉनिटरवर ती पूर्ण करण्याचा प्रयत्नही करू नये. कुलूपबंद डीसीपी आणि तिच्या किल्ल्यांची जबाबदारी अनुभव नसताना घेऊ नये; वितरकाला तशी प्रत हवी असेल, तर ती प्रयोगशाळेकडून करून घ्यावी. प्रक्षेपकाला तर हातच लावू नये: झेनॉन दिव्यात उच्च दाबाचा वायू असतो आणि तो फुटू शकतो, म्हणून तेथे फक्त चित्रपटगृहाच्या तंत्रज्ञाने काम करावे.

पैसे थोडे असतील, तर पूर्ण ग्रेड बाहेर करून घेण्याऐवजी तो घरी पूर्ण करून चांगला प्रक्षेपक असलेल्या ग्रेडिंग स्टुडिओत एका दिवसाची फक्त अंतिम दुरुस्ती करून घ्यावी. तेथे जाताना रिझॉल्व्हचा प्रकल्प, मूळ फुटेज, ग्रेड न केलेला आणि ग्रेड केलेला असे दोन्ही मास्टर, वापरलेल्या सगळ्या लट फाइल, आणि कोणते दृश्य कोणत्या कॅमेऱ्यावर कोणत्या लॉगमध्ये घेतले याची एका पानाची नोंद सोबत न्यावी. ही नोंद नसेल, तर त्या भाड्याच्या दिवसाचे पहिले दोन-तीन तास तीच शोधण्यात जातात.